साउंडचेकला बोलावलेले देव

"काका, लेव्हल घेतोय. नेहमीचं काहीतरी म्हणा," साउंडवाला कौशिक समोरच्या तंबूतून माइकवर म्हणाला.

नानांनी कमरेला बांधलेल्या संबळाचा पट्टा सारखा केला. "नेहमीचं म्हणू?"

"हो हो, बिनधास्त!"

"पुरतं म्हणू?"

"अहो काका, काय म्हणायचं ते म्हणा, पण म्हणा! मागे सहा बँड ताटकळलेत."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मूर्खासारखी डोलावली, हे आज आठ वर्षांनी कबूल करायला माझी काही हरकत नाही.

जानेवारीतली सकाळ होती. पुण्याबाहेरच्या एका मोठ्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता आणि त्यात आमच्या 'दगडफूल' बँडला दुपारी तीन चाळीसची पंचवीस मिनिटं मिळाली होती. बँड म्हणजे काय, तर मी आणि इर्शाद. मी सांगलीची मुक्ता आरवाडे, इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आणि गायची. इर्शाद मिरजेचा. त्याच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनवतात. त्यानं तुणतुण्याच्या पोटात गिटारचा पिकअप बसवून असलं काही यंत्र तयार केलं होतं, की अॅम्पला जोडलं की मैदानाच्या पलीकडची कुत्री उठून बसायची. बाकीचे ढोल-बिल सगळे लॅपटॉपमध्ये.

आणि त्या दिवशी आमच्याबरोबर नाना होते. बाबूराव पाचंगे, जत तालुक्यातले गोंधळी, वय सत्तरीच्या घरात. पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, आवाज असा की माइक नसता तरी भागलं असतं. 'इलेक्ट्रिक लोकसंगीत' म्हणून आमची निवड झाली होती, तर खरा लोककलावंत बरोबर असलेला बरा, असा माझा हिशोबी विचार. तिसऱ्या गाण्याच्या मध्ये नानांची एक लकेर येणार होती. सेटलिस्टवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'नाना, ४० सेकंद.'

हे सगळं जमणं फार गरजेचं होतं. इर्शादला मस्कतहून नोकरीचं पत्र आलं होतं. आमचं ठरलं होतं, की या महोत्सवात कुणी विचारलं, पुढचं काही काम मिळालं, तर बँड चालू ठेवायचा. नाही तर सोमवारी तो होकार कळवणार आणि दगडफूल संपलं. माझ्याकडे दुसरा तुणतुणेवाला नव्हता आणि दुसरा इर्शादही नव्हता. त्यामुळे त्या पंचवीस मिनिटांवर माझा सगळा जीव लागलेला.

तर नानांनी संबळावर काड्या टाकल्या आणि देवांना बोलवायला सुरुवात केली. तुळजापूरच्या भवानीला बोलावलं, माहूरच्या रेणुकेला बोलावलं, कोल्हापूरच्या अंबाबाईला बोलावलं. कौशिकनं अंगठा वर केला, "बास काका, मस्त लेव्हल मिळाली!" नाना जेजुरीला पोहोचले. "काका, झालं! थँक्यू!" नाना जोतिबाच्या डोंगरावर. मग गावोगावच्या मरीआया, म्हसोबा, वेशीवरचे वीर, नदीकाठच्या साती आसरा. एकेकाला गावाचं नाव घेऊन, मानानं. मैदानावर खुर्च्या मांडणारी पोरं खुर्च्या हातात घेऊन उभी राहिली. मला आधी कौतुक वाटलं, मग घड्याळ बघितलं आणि घाम फुटला. माझ्या गिटारचं चेकिंग अजून व्हायचं होतं.

अकरा वीसला नानांनी शेवटचा देव बोलावला. आमची वेळ संपली होती. गिटारची तार एकदाही वाजली नव्हती.

"नाना, चला, तंबूत बसू. चहा घेऊ," मी आवाजात गोडवा आणून म्हणाले.

"चहा घिऊ की," नाना म्हणाले. त्यांचा डावा हात संबळावर हलकेच चालूच होता. "पण आता हे थांबवायचं न्हाई. गोंधळ उभा राह्यला."

"म्हणजे?"

"म्हणजे देव बोलावलंत न्हवं? सगळी आल्यात. आता आरती हुईस्तवर गोंधळ मोडायचा न्हाई. आवाज चालू पाहिजे, संबळाचा न्हाई तर गळ्याचा. आमच्या घराण्याची रीत हाय ती."

इर्शादनं डोक्याला हात लावला. "मग आत्ता आरती करून टाका की नाना!"

"आं? पाव्हणं घरी बोलवायचं आन् पाट मांडायच्या आधी 'या आता' म्हणायचं? गण न्हाई, आख्यान न्हाई, आन् आरती?"

"पण तांदळाचा चौक कुठं मांडलाय? चौकाशिवाय गोंधळ होतो का?" इर्शादही काही कमी नव्हता.

नानांनी पायाखालच्या स्टेजकडे शांतपणे बघितलं. "चौकोनीच हाय की ह्यो."

 खाली महोत्सवाचं वेळापत्रक सांभाळणारी केतकी वॉकीटॉकी घेऊन आमच्या नावानं ओरडत होती. आम्ही नानांना वाजवत वाजवतच खाली उतरवलं आणि कलाकारांच्या तंबूत नेलं. तीन चाळीसला सव्वाचार तास बाकी होते.

तंबूत जाऊन नानांनी पिशवीतून दिवटी काढली. ती मीच आणायला सांगितली होती, फोटोत छान दिसते म्हणून. त्यांनी तेल ओतून ती सरळ पेटवली. तिसऱ्या मिनिटाला फायरचे जवान शेलार लाल बाटला घेऊन धावत आले.

"विझवा! विझवा आधी! इथे आग चालत नाही!"

"गोंधळ उभा हाय, साहेब," नाना म्हणाले.

शेलारांचा चेहरा बदलला. "उभा आहे? आणि आरती?"

"व्हायचीय."

 नोकरी एकीकडे आणि घरची देवी एकीकडे, अशी त्यांची कुचंबणा स्पष्ट दिसत होती. शेवटी त्यांनी एक पत्र्याचं घमेलं मागवलं, त्यात वाळू भरली, वाळूत दिवटी रोवली आणि बाटल्याची पिन हातात धरून बाजूला खुर्ची टाकून बसले. "मी हलणार नाही इथून," ते म्हणाले. पुढे तेल संपत आलं तेव्हा तेच ओतत होते.

खरी पंचाईत नंतर कळली. नानांनी गण आटोपला, आख्यान सुरू केलं. एका गावात लग्न आहे, देवी म्हातारीचं रूप घेऊन जेवायला येते. एवढं सांगून नाना थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे. शेलार आमच्या दोघांकडे.

"इचार की!" नाना संबळ वाजवत वैतागून म्हणाले.

"काय विचारू?"

"पुढं काय झालं, म्हातारी कशी दिसत हुती, लुगडं कसलं हुतं! कुणी इचारलं तर सांगणार न्हवं! दत्तू असता तर आत्तापावतर सतरा परश्न झालं असतं."

दत्तूकाका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ. चाळीस वर्षं दोघं जोडीनं उभे राहायचे. महोत्सवाकडून आम्हाला तीनच पास मिळाले होते. दत्तूकाका तुणतुणं वाजवतात, तुणतुणं तर इर्शाद वाजवणारच आहे, मग त्यांचं काम काय, असं म्हणून मीच त्यांना गाळलं होतं. त्यांचं काम तुणतुण्याचं नव्हतंच मुळी. त्यांचं काम विचारायचं होतं. गोंधळ एकट्यानं होत नाही, साथीदार हुंकार देतो, शंका काढतो, फिरकी घेतो, तेव्हा आख्यान पुढे सरकतं. हे मला वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तंबूत, घामाघूम होऊन कळलं.

"म्हातारीचं लुगडं कसलं होतं हो नाना?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"फाटकं हुतं गं बया! सात ठिकाणी दंड घातल्यालं!"

"मग यजमानानं आत घेतलं का?"

"घेतलं की! म्हनला, बस तिकडं कोपऱ्यात. तुजं पान शेवटच्या पंगतीला."

आणि गाडी लागली! सुरुवातीला मी परीक्षेला बसल्यासारखी विचारत होते. हळूहळू जीभ सैल झाली. नाना म्हणाले, लग्नात बत्तीस भाज्या होत्या. मी म्हटलं, "नाना, मोजून सांगा, सांगलीची माणसं आहोत, भाज्यांत फसायचो नाही." नानांनी बत्तीसच्या बत्तीस मोजल्या, त्यात दोडका दोनदा आला, तो मी पकडला. नाना खूश झाले. "हां! आता कसं!" इर्शादनं एक छोटा अॅम्प आणून आपलं यंत्र जोडलं. नाना घसा ओला करायला उठले की मी गिटारवर सूर धरायचे, नाना जेवायला बसले की शेलार आपलं भजन लावायचे. आवाज थांबला नाही. शिलाँगहून आलेलं एक त्रिकूट आमच्यानंतर स्टेजवर जाणार होतं. त्यातला बँजोवाला मुलगा आधी दारातून बघत होता. अर्ध्या तासानं तो मांडी घालून आमच्यात बसला आणि कळत काही नसताना अचूक जागी "हूं" म्हणायला लागला. दोन वाजेपर्यंत तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती.

मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?  पण म्हातारी अजून कोपऱ्यातच बसलेली होती आणि घड्याळ पळत होतं.

तीन पस्तीसला केतकी आत घुसली. "दगडफूल! पाच मिनिटांत स्टेजवर. नसाल तर शिलाँगवाल्यांना पुढे घेते. एक मिनिट वाट बघणार नाही."

"नाना," मी हात जोडले, "आता थांबा ना. पंचवीस मिनिटं आमची पाच गाणी करू, मग परत इथे येऊन पुढचं सांगा."

"म्हातारी अजून उपाशी हाय," नाना म्हणाले. चेष्टेत नाही. अगदी सरळ.

मी इर्शादकडे बघितलं. त्याचं मस्कत माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. चार वर्षं घासून केलेली पाच गाणी, लॅपटॉपमधले ढोल, सगळं तयार होतं. नानांना तंबूत सोडून आम्ही दोघं जाऊ शकत होतो. चाळीस सेकंदांचीच तर अडचण होती, ती गाळता आली असती. पण मी गेले असते तर विचारलं कुणी असतं?

"इर्शाद, लॅपटॉप राहू दे," मी म्हटलं.

"आणि गाणी?"

"राहू देत."

 इर्शादनं तुणतुण्याची वायर गुंडाळून खांद्यावर टाकली. "चल. असंही साउंडचेक नानांच्याच माइकचं झालंय."

आम्ही तंबूतून निघालो ते वाजवतच. पुढे नाना, मागे मी, मग इर्शाद, मग एका हातात दिवटीचं घमेलं आणि दुसऱ्या हातात लाल बाटला घेतलेले शेलार, आणि त्यांच्यामागे अख्खा तंबू. लोकांना वाटलं, असाच प्रवेश बसवलाय. तीन एकोणचाळीसला आम्ही स्टेजवर चढलो. शेलारही चढले. ते म्हणाले, "जिथे आग, तिथे मी." त्यांना खाली उतरा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मी गिटारची वायर खोचली आणि कौशिककडे बघितलं. त्यानं काहीतरी खटपट केली, आणि माझा पहिला सूर मैदानभर असा घुमला की मीच दचकले. इर्शादचं तुणतुणं त्याच्यावर करवतीसारखं चढलं. खाली तीन-चार हजार माणसं, बहुतेक माझ्याच वयाची. नानांनी संबळ घुमवला आणि माझ्याकडे वळून डोळा मारला.

"नाना," मी माइकवर विचारलं, "म्हातारीचं पुढं काय झालं?"

"शेवटची पंगत बसली!" नाना गरजले. "आन् भांडी रिकामी! यजमान म्हनला, म्हातारे, आता फुडल्या लग्नाला ये!"

"अरे देवा! मग चिडली का ती? शाप दिला का?"

"शाप कशाला देतीय! हसली. पदर खोचला, पळी घेतली, आन् सोताच वाढाय लागली. रिकाम्या भांड्यात पळी घालती तर भात! पळी घालती तर आमटी! यजमानाला म्हनली, बस. बसला. जेवला. उठाय लागला, तर म्हनली, अजून एक वाढू?"

नानांनी तो 'वाढू?' सुरात धरला. मी गिटारवर तोच धरला, इर्शादनं तोच धरला, आणि समोरची माणसं ओरडली, "वाढ!" मग काय विचारता! नाना एकेक पदार्थ वाढतायत, मैदान "वाढ! वाढ!" करतंय, शेलार घमेलं सांभाळत मान हलवतायत. मी आयुष्यात इतकी कधी हलकी झाले नव्हते. काय वाजवायचं ठरलेलं नव्हतं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता.

आणि मग मला विंगेतली केतकी दिसली. ती तीन बोटं दाखवत होती. तीन मिनिटं उरली होती. यजमान अजून जेवतच होता. वेळ संपली की आवाज बंद करतात, ही तिथली पद्धत. आरतीच्या आधी माइक बंद झाला तर? स्लॉट जाईल ते जाईल, पण एवढे सगळे देव मैदानात तसेच राहतील, आणि मला चक्क त्यांची काळजी वाटली.

"नाना, उठू कधी दिलं त्याला?"

"पोट भरल्यावर!" नाना लोकांकडे वळले. "भरलं का रं पोट?"

"नाही!" चार हजार माणसं. नाना खुशीत आले आणि त्यांनी पुन्हा पळी उचलली. केतकीची दोन बोटं.

तेव्हा मी पुढे झाले. थांबा म्हणायचा अधिकार मला नव्हता. पण विचारायचा होता, साथीदार होते ना मी!

"नाना, यांचं पोट कधी भरायचं नाही. पण मला सांगा, हे दाराशी कोण उभे आहेत?" मी विंगेकडे बोट केलं. शिलाँगचं त्रिकूट वाद्यं घेऊन तयार होतं. "हेही पाहुणेच. यांनाही म्हणायचं का, पुढच्या लग्नाला या?"

संबळ एक मात्रा अडखळला. नानांनी विंगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि असे हसले, की गळ्यातल्या कवड्या हलल्या.

"उठा रं!" ते म्हणाले. "पान सोडा! शेवटची पंगत बसतीया!"

आणि त्यांनी आरती धरली. शेलारांनी बाटला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी घमेलं उचलून धरलं. चार पाचला आरती संपली. कौशिकनं डोक्यावरची टोपी काढली होती.

खाली उतरल्यावर तासाभरात तिघांनी गाठलं. गोव्याचा एक महोत्सव, बडोद्याचा एक, आणि मुंबईचा एक रेकॉर्डिंगवाला. तिघांनाही हेच हवं होतं, पुरतं, पहिल्या देवापासून आरतीपर्यंत. इर्शादनं मस्कतला नकार कळवायला सोमवारची वाट बघितली नाही.

मंगळवारी आम्ही पेढे घेऊन नानांच्या गावी गेलो. मला दत्तूकाकांची माफी मागायची होती आणि गोव्याला चला म्हणायचं होतं. दत्तूकाका अंगणात शेंगा फोडत बसले होते. माफी त्यांनी एका शेंगेसरशी उडवून लावली, पण झालेली गंमत सगळी ऐकून घेतली. साउंडचेकपाशी आल्यावर मात्र ते थांबले.

"लेव्हल देताना देव बोलावलं?" त्यांनी विचारलं. "ह्यानं?"

"हो ना. त्या कौशिकनं नेहमीचं म्हणा म्हटलं, आणि नानांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!"

दत्तूकाकांनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "आगं पोरी, तीस वर्सं रेडिओवर गातुय आम्ही. लेव्हल म्हंजी काय ते ह्याला ठावं न्हाई व्हय? लेव्हलला आम्ही एक, दोन, तीन म्हणतो."

मी नानांकडे वळले. नाना पेढा खात होते. अगदी मन लावून खात होते.

"नाना?"

"काय?"

"तुम्ही मुद्दाम केलंत?"

"मी दोनदा इचारलं," नाना म्हणाले. "मुंडी कुणी हलवली?"

"आणि ते आरतीशिवाय मोडायचं नाही, ते? तेही खोटं?"

"ते खरं हाय!" नाना एकदम गंभीर झाले. "देवाची चेष्टा न्हाई करत मी. तुजी केली." त्यांनी बोटं धोतराला पुसली. "कागदावर वाचलं मी, नाना, चाळीस सेकंद. आता तूच सांग, पोरी, चाळीस सेकंदात कुठला देव येतुय? चपला काढुस्तवर तेवढा येळ जातो."

इर्शाद तोंडावर हात धरून अंगणाबाहेर पळाला. मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि त्या दोघा म्हाताऱ्यांनी मला शेंगा पुढे करून खुशाल रडू दिलं.